ट्रस उभा राहील का? मोजणी, स्थैर्य आणि इनडिटरमिनसी, पायरीपायरीने

वावरातलं टिनाचं शेड असो, जिनिंगचं गोदाम असो की बाजार समितीचा लिलावाचा ओटा, आपल्याकडे डोक्यावर अँगलची कैची असतेच. डिप्लोमाच्या वर्गात तिलाच ट्रस म्हणतात आणि पेपरात विचारतात: स्थिर की अस्थिर, डिटरमिनेट (फक्त समतोलाच्या समीकरणांनी सुटणारा) की इनडिटरमिनेट (तेवढ्याने न सुटणारा)? सूत्र एका ओळीचं आहे, त्यामुळे पोरं आकडे टाकून मोकळी होतात. घोळ दोन ठिकाणी होतो. काय मोजायचं हे न ठरवताच मोजलं जातं, आणि आकडा जुळला की तपासणी संपली असं धरलं जातं.

सिव्हिलला नुकतेच लागलेले विद्यार्थी आणि फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग वाचायला शिकणारे, दोघांनाही ही पद्धत चालेल.

जवळ काय असावं

कागदावरच्या ट्रससाठी पेन्सिल, दोन रंगांचे पेन आणि मोठा कोरा कागद. उभा असलेला ट्रस तपासायचा असेल तर लांब टेप, खडू, ओळंबा आणि दोन्ही टोकांच्या बेस प्लेटचे जवळून काढलेले फोटो. नवं काम असेल तर तीन कागद मागून घ्या: ट्रसचं ड्रॉइंग, बेस प्लेट आणि बोल्टचं डिटेल, ब्रेसिंगचा (ट्रस बाजूला पडू नयेत म्हणून लावलेल्या तिरक्या अँगलचा) प्लॅन. तिसरा कागद बहुतेक वेळा नसतोच. नसेल तर दहावी पायरी आधी वाचा.

१. रेषाचित्र काढा

प्रत्येक मेंबर म्हणजे एक सरळ रेष, आणि रेषा जिथे मिळतात तिथे सांधा. गसेट प्लेट (सांध्यावर मेंबर जोडणारी पट्टी) केवढी, वेल्ड किती, हे इथे विसरायचं. सांधे पिनचे आहेत आणि भार फक्त सांध्यांवर येतो, असं धरून चालायचं.

इथेच तीन चुका होतात.

खालचा अँगल एकसंध असला तरी तो एक मेंबर नाही. दोन सांध्यांमधला प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा.

अँगल बाजारात साधारण ६ मीटरचा मिळतो, म्हणून १२ मीटरच्या ट्रसमध्ये कुठेतरी जोड येणारच. दोन सांध्यांच्या मधे पट्ट्या लावून पक्का केलेला जोड हा सांधा नव्हे. तो सांधा म्हणून मोजला तर एक मेंबर आणि एक सांधा वाढतो आणि चांगला ट्रस कागदावर अस्थिर दिसायला लागतो.

दोन तिरके मेंबर एकमेकांवरून नुसते गेले असतील तर तिथे सांधा नाही. बोल्टने जोडले असतील तर सांधा एक वाढतो, मेंबर दोन वाढतात आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो. म्हणजे साध्या फुलीत याची काळजी नको. तीन मेंबर एका ठिकाणी ओलांडत असतील तर मात्र फरक पडतो, ते सहाव्या पायरीत येईल.

२. मेंबर आणि सांधे मोजा

सांध्यांना एका रंगाने क्रमांक द्या, मोजलेल्या मेंबरवर दुसऱ्या रंगाने टिक करा. उदाहरणाला आपल्याकडचा नेहमीचा फिंक ट्रस घेऊ: गाळा (दोन टोकांच्या आधारांमधलं अंतर) १२ मीटर, मधली उंची ३ मीटर.

सांधे: दोन टोकं, माथा, प्रत्येक राफ्टरच्या (वरच्या उतरत्या अँगलच्या) मध्यावर एक, खालच्या टायवर (आडव्या अँगलवर) दोन. एकूण ७.

मेंबर: राफ्टरचे ४ तुकडे, खालच्या टायचे ३, आतले तिरके ४. एकूण ११.

मोजणी बरोबर आहे का याची एक सोपी पडताळणी आहे. प्रत्येक सांध्यावर किती मेंबर येतात ते लिहा आणि बेरीज करा. इथे टोकांवर २ आणि २, राफ्टरच्या मध्यावर ३ आणि ३, माथ्यावर ४, खालच्या दोन सांध्यांवर ४ आणि ४. बेरीज २२. प्रत्येक मेंबरला दोन टोकं, म्हणून ही बेरीज मेंबरच्या दुप्पट यायलाच हवी. विषम आली तर कुठेतरी रेष सुटली आहे.

३. आधार मोजा, ड्रॉइंगवरचे आणि साईटवरचे

रिअ‍ॅक्शन म्हणजे आधाराने ट्रसला दिलेलं बल. हिंज (फिरू देतो, सरकू देत नाही) असेल तर २ रिअ‍ॅक्शन, रोलर (एका दिशेने सरकूही देतो) असेल तर १. फिक्स्ड बेसला पुस्तकात ३ असतात, पण ट्रसच्या गणितात सांधा पिनचा धरला आहे, तो मोमेंट (वळवणारा जोर) घेतच नाही. तिथेही २ च धरा.

ड्रॉइंगवर एका टोकाला हिंज आणि दुसऱ्याला रोलर असतो. साईटवर शेडच्या कैचीखाली खरा रोलर कोणी बसवत नाही. त्याचं काम एका बाजूच्या बेस प्लेटमधलं लांबट भोक करतं. १६ मिलिमीटरच्या बोल्टला साधं भोक १८ मिलिमीटरचं असतं. सरकत्या टोकाला तेच गाळ्याच्या दिशेने लांब करतात. पाहायच्या गोष्टी तीन:

- भोक गाळ्याच्या दिशेनेच लांब आहे का? प्लेट फिरवून बसवली की ते आडवं होतं आणि निरुपयोगी ठरतं.
- नट पाना लावून करकचून आवळला आहे का? तो जरा सैल आणि वर लॉकनट, असं हवं.
- नंतर कोणी प्लेटला चारी बाजूंनी वेल्ड मारली आहे का? "मजबूत व्हावं म्हणून" मारलेली ही वेल्ड फार ठिकाणी सापडते.

यातली एकही चूक सापडली तर ते टोक हिंज समजा आणि रिअ‍ॅक्शन ३ ऐवजी ४ मोजा.

४. सूत्रात टाका

एका पातळीतल्या ट्रसच्या प्रत्येक सांध्यावर समतोलाची दोन समीकरणं मिळतात, आडवं आणि उभं. अज्ञात म्हणजे मेंबरमधले बल आणि रिअ‍ॅक्शन. म्हणून तुलना अशी:

मेंबर + रिअ‍ॅक्शन आणि २ × सांधे

डावी बाजू कमी असेल तर ट्रस अस्थिर, पुढे बघायची गरज नाही. समान असेल तर डिटरमिनेट, जास्त असेल तर जितका फरक तितकी स्टॅटिक इनडिटरमिनसी. पण ही दोन्ही उत्तरं रचना नीट असेल तरच खरी. ही मोजणी मॅक्सवेलने १८६४ साली मांडली आणि ती आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. पेपरात उत्तर लिहिताना हे वाक्य सोडू नका.

आपला फिंक: ११ + ३ = १४ आणि २ × ७ = १४. जुळला. दोन्ही टोकं हिंज झाली असतील तर १५, म्हणजे इनडिटरमिनसी १.

५. आधारांची दिशा

रिअ‍ॅक्शन तीनपेक्षा कमी असतील तर ट्रस जमिनीच्या तुलनेत सरकणार किंवा फिरणार. तीन असूनही दोन प्रसंगी तेच होतं.

पहिला, तिन्ही समांतर असतील तेव्हा. भिंतीवर नुसता टेकवलेला ट्रस बघा: दोन बाजूंच्या भिंती आणि मधली एक, तिन्हींची रिअ‍ॅक्शन उभी. वरचं वजन आरामात पेललं जातं, आडवा वारा आला की थांबवायला फक्त घर्षण उरतं.

दुसरा, तिन्ही रिअ‍ॅक्शनच्या रेषा एकाच बिंदूतून जात असतील तेव्हा. डावं टोक हिंज, आणि उजवं टोक त्याच पातळीवर समोरच्या भिंतीला नुसतं टेकलेलं, खाली टेकू नाही. भिंतीची रिअ‍ॅक्शन आडवी, ती थेट हिंजमधून जाते. हिंजभोवती फिरणं कोण अडवणार? कोणीच नाही. आकडा मात्र ३ भरतो.

६. आतली रचना

चार अँगलची चौकट पिनने जोडली तर ती ढिल्या बाजेसारखी तिरपी होते, त्रिकोण तसा तिरपा होत नाही. म्हणून पाया त्रिकोणाचा. एका त्रिकोणापासून सुरू करा. प्रत्येक नव्या सांध्यासाठी दोन नवे मेंबर लावा, एका रेषेत नसलेले. असा वाढलेला ट्रस आतून पक्का असतो आणि त्यात मेंबर = २ × सांधे − ३ आपोआप येतं.

तपासताना हेच उलट करा. ज्या सांध्यावर दोनच मेंबर आहेत तो सांधा त्या दोघांसकट खोडा. मग पुढचा. शेवटी एक त्रिकोण उरला की झालं.

फिंकमध्ये ही खोडाखोड फक्त टोकांकडून चालू होते आणि माथ्याशी घोटाळा वाटतो, म्हणून तो जोडट्रस म्हणून पाहणं सोपं. डावा अर्धा: ४ सांधे, ५ मेंबर, पक्का. उजवा अर्धाही तसाच. दोघं माथ्याच्या सांध्यात जोडलेले आणि खाली मधल्या टायने. दोन पक्के भाग एक सांधा आणि त्या सांध्यातून न जाणारा एक मेंबर यांनी जोडले की एकसंध होतात. किंवा तीन मेंबरनी, पण ते तिन्ही समांतर नकोत आणि एका बिंदूत मिळणारे नकोत.

आता पेपरात हमखास येणारा सापळा. चार पॅनेलचा (उभ्या मेंबरमधल्या चौकटींचा) समांतर कॉर्डचा (वरची आणि खालची रांग समांतर असलेला) ट्रस: सांधे १०, वरचे ४, खालचे ४, उभे ५, तिरके ४, मिळून मेंबर १७. १७ + ३ = २०, बरोबर जुळला. आता दुसऱ्या पॅनेलमधला तिरका मेंबर काढून पहिल्या पॅनेलमध्ये फुली करा. आकडा तोच, १७. पण पहिलं पॅनेल गरजेपेक्षा जास्त घट्ट आणि दुसरं मोकळी चौकट, शिअर (चौकट तिरपी करणारा जोर) घ्यायला कोणी नाही. सूत्राला हे दिसत नाही, नजरेला लगेच दिसतं. म्हणून प्रत्येक पॅनेलवर बोट ठेवून बघायचं.

काही ट्रस साधेही नसतात आणि जोडट्रसही नसतात. त्यांना झीरो लोड चाचणी लावा. बाहेरचा भार शून्य धरा, एका मेंबरमध्ये काहीतरी बल आहे असं माना आणि सांध्यासांध्यावर समतोल लिहीत फिरून या. कुठेतरी विसंगती आली तर ते बल शून्यच असलं पाहिजे आणि ट्रस पक्का. विसंगती न येता फेरी पूर्ण झाली, आणि आकडा नेमका जुळणारा असेल, तर ट्रस अस्थिर आहे.

करून बघा: नियमित षटकोन आणि समोरासमोरचे कोपरे जोडणारे तीन कर्ण, मधे न जोडलेले. सांधे ६, मेंबर ९, रिअ‍ॅक्शन ३. १२ आणि १२. बाजूंमध्ये समान ताण धरा. प्रत्येक कोपऱ्यावर दोन बाजू मिळून आत जितकं ओढतात तितकाच दाब कर्णात धरला की सांधा समतोलात येतो, आणि कर्णाच्या दुसऱ्या टोकालाही तेच उत्तर मिळतं. फेरी बिनतक्रार पूर्ण. म्हणजे हा ट्रस हलतो. तेच तीन कर्ण मध्यावर जोडले तर सांधे ७, मेंबर १२, १५ विरुद्ध १४: स्थिर, इनडिटरमिनसी १.

स्टॅड प्रो या स्ट्रक्चरच्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी: मेंबर ट्रस म्हणून न सांगता मॉडेल चालवलं तर सगळे सांधे कडक धरले जातात आणि मोकळी चौकटसुद्धा वाकून भार घेते. इन्स्टॅबिलिटीचा इशाराच येत नाही. आणि इशारा आला तर तो बंद करण्यासाठी वाटेल तिथे आधार टाकू नका, आधी मोकळं पॅनेल शोधा.

७. खालचा टाय कापायचा का?

हा प्रश्न गावात खरोखर येतो. कापसाची भरलेली ट्रॉली किंवा मळणीयंत्र आत जात नाही, मग "मधला अँगल काढून टाका" असा हुकूम सुटतो. हिशेब करून उत्तर द्या.

मधला टाय काढला की मेंबर १०. एक टोक सरकतं असेल तर १० + ३ = १३, हवेत १४. ट्रस त्याच क्षणी पसरणार.

दोन्ही टोकं हिंज असतील तर १० + ४ = १४. जुळला, आणि रचनाही बरोबर आहे: दोन पक्के अर्धे, दोन खालच्या हिंज, एक माथ्याची. ही तीन हिंजची कमान झाली, ती डिटरमिनेटही आहे आणि स्थिरही. आतून बघितलं तर अपुरी, आधारांसकट बघितलं तर पूर्ण. म्हणून आतली आणि बाहेरची मोजणी वेगवेगळी करून निकाल देऊ नका, एकूण बघा.

पण मग टाय जे ओढत होता ते आता कोण ओढणार? ट्रस ४ मीटर अंतरावर आणि छपराचा एकूण भार दर चौरस मीटरला १ किलोन्यूटन धरला, तर एका ट्रसवर दर मीटरला ४, एकूण ४८ किलोन्यूटन. आडवा जोर = ४ × १२ × १२ ÷ (८ × ३) = २४ किलोन्यूटन, जवळजवळ अडीच टन, प्रत्येक बाजूला बाहेर. ४ मीटर उंच खांबाच्या पायाशी त्याचा मोमेंट ९६ किलोन्यूटन-मीटर. २३० मिलिमीटरची विटांची भिंत हे घेत नाही. आरसीसी खांब घेऊ शकतो, पण त्यासाठी तो आणि त्याचा फूटिंग तसा डिझाइन केलेला असावा लागतो. उंची हवी असेल तर भिंत वाढवा.

८. जास्तीचे मेंबर, जास्तीचे आधार

इनडिटरमिनेट म्हणजे वाईट, असं नाही. डिटरमिनेट ट्रसमध्ये एक मेंबर किंवा एक गसेट गेला की सगळंच जातं. अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा आय-३५ डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी पडला, त्याच्या तपासात कमी जाडीच्या गसेट प्लेट हे कारण निघालं. पर्यायी वाट नसलेली ती रचना होती.

तरी आपल्याकडच्या शेडला मी डिटरमिनेटच सुचवेन, आणि कारण काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फूटिंग एकसारखे बसत नाहीत. डिटरमिनेट ट्रसचा आधार जरासा खचला तर ट्रस जरासा कलतो, मेंबरमध्ये बल येत नाही. २४ मीटरच्या शेडला मधे खांब घेऊन सलग ट्रस टाकला की रिअ‍ॅक्शन ४ होतात, आणि मधला खांब खचला की त्याचा भार दोन्ही टोकांकडे सरकतो. मेंबरमधली बलं बदलतात, काही ठिकाणी ताणाचा दाब होतो. त्याऐवजी १२ मीटरचे दोन सुटे ट्रस घ्या.

दुसरं कारण ऊन. स्टीलचा प्रसरणांक दर अंशाला ०.००००१२. हिवाळ्याच्या पहाटे आणि मे महिन्यात टिनाखाली ४० अंशांचा फरक धरला तर १२ मीटरचा खालचा टाय ५.७६ मिलिमीटर वाढतो. एक टोक सरकतं असेल तर विषय संपला. दोन्ही टोकं पूर्ण जखडलेली असतील तर ९६ मेगापास्कल दाब येतो. ५०×५०×६ चे दोन अँगल असतील तर सुमारे १०९ किलोन्यूटन. खांब थोडे वाकतात म्हणून प्रत्यक्षात इतकं येत नाही, पण भिंतीच्या वरच्या थरात बेस प्लेटपाशी तडा दिसला तर हे आठवा.

तिसरं, कापण्यातली चूक. फुली असलेल्या पॅनेलमध्ये दुसरा तिरका मेंबर शेवटी बसतो. तो २.५ मीटरचा असून ३ मिलिमीटर आखूड कापला गेला आणि क्लॅम्पने ओढून बसवला, तर बाकी ट्रस हलला नाही असं धरल्यास त्यात २४० मेगापास्कल भरतात. ई २५० स्टीलचा यील्ड (कायमचं ताणलं जायला लागतं ती मर्यादा) २५० आहे. म्हणजे भार यायच्या आधीच मेंबर संपला. नवा तुकडा कापा.

फुली गोल सळईची असेल तर मोजताना एकच सळई धरा. दाबात सळई वाकून बाजूला होते, एका वेळी एकच काम करते.

९. झीरो फोर्स मेंबर काढू नका

भार नसलेल्या सांध्यावर तीन मेंबर, त्यातले दोन एका रेषेत: तिसऱ्यात बल शून्य. १२ मीटरच्या सहा पॅनेलच्या हॉव ट्रसमध्ये (सांधे १२, मेंबर २१) टोकाजवळचा पहिला उभा मेंबर असाच असतो. नुसता तो काढला तर २० + ३ = २३, हवेत २४: खालचा सांधा मोकळा झाला. सांधाही काढून अँगल सलग केला तर १९ + ३ = २२, बरोबर. पण खालच्या कॉर्डची बिनआधाराची लांबी २ मीटरची ४ झाली. वादळात छप्पर वर उचललं जातं तेव्हा खालच्या कॉर्डमध्ये दाब येतो, आणि तेव्हा ही लांबी नडते. शिवाय त्या सांध्याला कोणी पंखा किंवा चेन पुली टांगली की बल शून्य राहतच नाही.

१०. बाजूने बघा

वरचं सगळं गणित एका पातळीतलं. ट्रस त्याच्या पातळीत कितीही पक्का असला तरी बाजूला पडू शकतो. त्रिमितीय रचनेत प्रत्येक सांध्याला तीन समीकरणं, म्हणून तुलना ३ × सांधे यांच्याशी.

ओळीने उभे ट्रस आणि त्यांना जोडणाऱ्या पर्लिन (पत्र्याखालचे आडवे अँगल), एवढंच असेल तर वरून बघताना नुसते आयत दिसतात. ती मोकळी चौकटच आहे. निदान शेडच्या दोन्ही टोकांना, शेवटच्या दोन ट्रसमधल्या जागेत राफ्टरच्या पातळीवर तिरकी ब्रेसिंग हवी, तिथल्या खांबांमध्ये उभी ब्रेसिंग हवी, आणि खालच्या कॉर्डला जोडणारे लांब रनर हवेत. पत्र्याचे हुक बोल्ट हे काम करतील असं धरू नका. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ भाग ३ यात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. मे-जूनच्या वादळात टिनं उडाल्यावर कैच्या एकमेकींवर आडव्या पडलेल्या दिसतात त्या बहुधा याच कारणाने.

उभारणीच्या दिवशी क्रम असा: पहिला ट्रस बोल्टवर बसवा आणि दोन्ही बाजूंनी दोरांचे ताण द्या. दुसरा बसवा. दोघांमध्ये पर्लिन आणि तिरकी ब्रेसिंग लावून बोल्ट आवळा. ओळंबा धरा. मगच क्रेनचा हुक आणि दोर सोडा. तिसऱ्यापासूनचे ट्रस या जोडीला पर्लिनने बांधत जा, आणि दुपारी वारा सुटायच्या आत त्या दिवशी उभा केलेला एकही ट्रस सुटा ठेवू नका.